केळीच्या ठिबकासाठी आधी कोणता पेन घ्यावा: ईसी की पीएच?

पेन म्हणजे पाण्यात बुडवून आकडा वाचायचा छोटा मीटर: ईसीचा पेन विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यातले क्षार दाखवतो, पीएचचा पेन आम्लता दाखवतो. जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपड्याकडे बोअरच्या पाण्यावर केळी असेल, तर पहिला पेन ईसीचा घ्यावा. केळीला खारे पाणी सोसत नाही हे एक कारण, आणि दुसरे कारण निगेचे. ईसी पेन कोरडा ठेवला तरी चालतो. पीएच पेनचा काचेचा फुगा सुकला की आकडा भरकटतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो सुकायला वेळ लागत नाही.

ईसी पेन महिन्यातून एकदा १४१३ मायक्रोसिमेन्सच्या (ठरलेल्या वाहकतेच्या) द्रावणात तपासावा. द्रावण वाटीत काढून घ्यावे, वापरलेले बाटलीत परत ओतू नये. पेन थोडा हलवावा, कारण इलेक्ट्रोडमध्ये हवेचा बुडबुडा अडकला की आकडा कमी दिसतो. क्षारांचा पांढरा थर बसला तरी कमीच दिसतो. मग टोक १० मिनिटे व्हिनेगरमध्ये ठेवून डिस्टिल्ड पाण्याने धुवावे आणि पुन्हा तपासावे. बांधावर तापलेला पेन पाण्यात घालून लगेच आकडा वाचू नये. वाहकता दर अंशाला सुमारे २ टक्के बदलते. पेन ती दुरुस्ती स्वतः करतो, पण त्याचे तापमान पाण्याइतके यायला मिनिटभर लागते.

पीपीएमवर (दहा लाख भागांत किती भाग क्षार, या आकड्यावर) विसंबू नका. १००० मायक्रोसिमेन्सचे तेच पाणी एक पेन ५०० दाखवतो, दुसरा ७००, कारण ईसीवरून पीपीएम काढायचा गुणक वेगळा. शेजाऱ्याचा आकडा आपल्याशी जुळत नाही तो बहुधा यामुळेच. नोंद ईसीतच ठेवावी.

पीएच पेनचे कॅलिब्रेशन (आकडा जुळवून घेणे) मात्र आठवड्याला लागते: आधी ७ चा बफर, म्हणजे ठरलेल्या पीएचचे द्रावण, मग आम्ल मोजायचे असेल तर ४ चा, बोअरचे पाणी मोजायचे असेल तर ९.१८ चा. ९.१८ ची बाटली उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तिचा पीएच उतरतो. फुगा पुसू नये, टिपकागदाने टिपावा. टोपीत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड हवे: १०० मिलीला २२.४ ग्रॅम, प्रयोगशाळेच्या दर्जाचे. खताच्या पोत्यातले पोटॅश चालत नाही, आणि डिस्टिल्ड पाण्यात तर फुगा ठेवूच नये. सुकलेला फुगा रात्रभर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवून बघावा. तरीही आकडा स्थिरावत नसेल तर इलेक्ट्रोड गेला. साधारण दोन वर्षांत तो जातोच, म्हणून इलेक्ट्रोड सुटा मिळणाराच पेन घ्यावा.

साचलेले क्षार काढायला ठिबकमधून वरचेवर आम्ल सोडणाऱ्याने ही निगा पत्करावी. वर्षातून दोनदाच आम्लप्रक्रिया करत असाल, तर पीएचच्या कागदी पट्ट्या पुरतात. पट्टी लॅटरलच्या (ओळीतल्या ठिबक नळीच्या) शेवटच्या ड्रिपरखाली धरावी. आम्ल तिथवर पोहोचले की नाही ते रंगावरून कळते.