नौपाड्यातले शांतिसेनेचे प्रदर्शन: जरूर पाहावे, पण सकाळी

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला उतरून गोखले रस्त्याने दहा-बारा मिनिटे चालल्यावर लागणाऱ्या एका सभागृहात, पहिल्या मजल्यावर, श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेवरचे छोटे प्रदर्शन सध्या भरले आहे. तिकीट ५० रुपये असून माजी सैनिकांना प्रवेश विनामूल्य आहे. मात्र इमारतीला लिफ्ट नाही आणि ज्यांच्या सन्मानासाठी हे सारे मांडले आहे, ते बहुतेक जण आता साठीच्या पुढचे आहेत. मी गेले तेव्हा एक गृहस्थ कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर येत होते. जिन्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवली असती तरी पुष्कळ झाले असते.

विषय अवघड आहे आणि तो हाती घेतल्याबद्दल आयोजकांचे कौतुक करायलाच हवे. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला, तमिळ बंडखोरांची शस्त्रे उतरवून घेण्यासाठी आपले सैन्य तेथे गेले आणि अडीच महिन्यांच्या आत ते त्यांतल्याच लिट्टे या संघटनेशी लढू लागले, ज्यांच्या माणसांना पूर्वी भारतातच प्रशिक्षण मिळाले होते. सिंहली लोकांना ही सेना परकी वाटत होती, उत्तरेकडच्या जाफना शहरातल्या तमिळांना ती शत्रू वाटू लागली आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी तिला परत जाण्यास सांगितले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी चेन्नईला, म्हणजे तेव्हाच्या मद्रासला, उतरली, तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. हजाराहून अधिक जवान ज्या मोहिमेत कामी आले, तिच्याविषयी आपल्याकडे कारगिलसारखे कोणी बोलत नाही, याचे कारण या सगळ्या गुंत्यात आहे.

प्रदर्शनातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे दाराजवळचे काचेचे टेबल. त्यात एका जवानाने घरी पाठवलेले निळे आंतर्देशीय पत्र उलगडून ठेवले आहे. त्यावर ५६ ए.पी.ओ.चा, म्हणजे सैन्याच्या टपाल कार्यालयाचा, शिक्का आहे, घड्यांवर कागद फाटला आहे आणि मजकुरात लढाईचा एक शब्दही नाही. बैलजोडी विकू नये आणि धाकट्याची फी वेळेवर भरावी, एवढेच पुन्हापुन्हा बजावले आहे. शेजारी पत्र्याचा मग आहे, त्याच्या कानाला सुतळी गुंडाळलेली आहे. ती का गुंडाळली, हे कोठेही लिहिलेले नाही. टेबलामागे बसलेल्या निवृत्त हवालदार साहेबांना विचारले, तेव्हा कळले की रात्रीच्या गस्तीत मग पाठपिशवीवर आपटून वाजू नये म्हणून.

हे हवालदार साहेब म्हणजेच खरे प्रदर्शन आहे. भिंतीवरच्या जाफन्याच्या नकाशात त्यांनी बॉलपेनने दोन ठिकाणी दुरुस्ती केली आहे. तसे फलकांवर जाफन्याचे नावही तीन प्रकारे लिहिलेले आहे, तिकडे मात्र कोणाचे पेन गेलेले नाही. मोऱ्यांखाली पेरलेल्या सुरुंगांमुळे सैन्य रस्ता सोडून शेतातून आणि घरांच्या परसांतून कसे पुढे सरकत असे, हे ते बोटाने दाखवत सांगतात. शहर ताब्यात यायला दोन आठवड्यांहून अधिक काळ का लागला, ते फलक वाचून समजत नाही, त्यांचे ऐकून समजते.

मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना दिलेले स्वतंत्र दालन योग्यच आहे. मुंबईत जन्मलेला हा अधिकारी महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचा होता. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला, छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि शेवटपर्यंत ते हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हा मजकूर नेमका आहे, विशेषणे कमी आहेत, म्हणून तो वाचताना पाय थांबतात.

बाकीच्या फलकांविषयी तसे म्हणता येत नाही. शेवटच्या फलकावर सेना शांतता प्रस्थापित करून मायदेशी परतली असे छापले आहे, ते खरे नाही. सेना परतल्यानंतर काही महिन्यांतच, जून १९९० मध्ये, तेथे पुन्हा युद्ध पेटले. ऑक्टोबर १९८७ मध्ये, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या, त्याचा कोठे उल्लेखही नाही. असे लिहिल्याने जवानांचा अपमान होईल, अशी भीती आयोजकांना वाटली असावी. मी हवालदार साहेबांनाच विचारले. त्यांनी प्रश्न टाळला नाही; आपली तुकडी तेव्हा दुसरीकडे होती, पण ते कानावर आले होते, एवढे सांगून ते थोडा वेळ गप्प बसले. त्या गप्प बसण्यात जेवढा प्रामाणिकपणा होता, तेवढा फलकाला का झेपू नये?

नावांची भिंत मात्र मनापासून केलेली आहे. काळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत, मिळाली तेवढी नावे लिहिली आहेत. माझी तक्रार क्रमाविषयी आहे. वर अधिकारी, खाली सुभेदार, त्याखाली नाईक आणि अगदी तळाशी, वाकून वाचावे लागेल अशा उंचीवर शिपाई. अमेरिकेतही व्हिएतनामच्या युद्धावरून समाज असाच दुभंगला होता. तेथे १९८२ साली वॉशिंग्टनला माया लिन या तरुण विद्यार्थिनीच्या आराखड्यावरून जे स्मारक उभे राहिले, त्यात ५८,००० हून अधिक नावे हुद्दा न पाहता मृत्यूच्या तारखेनुसार कोरलेली आहेत. त्या स्मारकावरही सुरुवातीला कडाडून टीका झाली होती. येथे तसा क्रम लावला असता तर १२ ऑक्टोबर १९८७ पाशी शीख लाइट इन्फंट्रीच्या जवानांची नावे एकाखाली एक दाटलेली दिसली असती. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या त्यांच्या तीस जणांपैकी एकच जिवंत राहिला. कोणताही फलक न लिहिता त्या मोहिमेच्या आखणीविषयीचा प्रश्न भिंतीनेच विचारला असता.

एक व्यावहारिक सूचना. अकरा वाजता मोठ्या पडद्यावर माहितीपट सुरू होतो आणि त्यातल्या संगीताचा आवाज इतका चढा असतो की हवालदार साहेबांचे बोलणे शेजारी बसूनही ऐकू येत नाही. तेव्हा दहाला दार उघडताच जावे. त्या वेळी ते टेबलाची काच पुसत असतात आणि समोरची दुसरी खुर्ची रिकामी असते.