डिचोलीतला इंग्लिश गोष्ट लिहायचा क्लास, चार रविवारांनंतर

मुलगी नववीत आहे आमची, पेपरात स्टोरी आली की हिची गोष्ट कुठल्यातरी घनदाट जंगलात सुरू व्हायची, मधे भूत, चोर, खजिना सगळं यायचं आणि शेवटी जाग आली की ते स्वप्न! म्हणून डिचोलीत या क्लासला घातली, रविवारचे दोन तास, चार रविवार.

टीचरनी पहिल्याच दिवशी स्वप्न बंद केलं. गोष्ट एकाच जागेतली, अर्ध्या तासात घडणारी, माणसं फार तर दोन-तीन, आणि सुरुवात थेट मधूनच. मुलीने रायबंदर-चोडण फेरीबोट घेतली. पहिलंच वाक्य, फेरीची फळी वर उचलायला लागली आणि बाबा अजून धक्क्यावरच होते. खरं सांगते, पुढे काय झालं ते मला वाचायचंच होतं, आणि तिच्या गोष्टीबद्दल असं मला पहिल्यांदाच वाटलं. ती घाबरली असं कुठेच लिहिलं नाही, नुसतं रेलिंग धरलेल्या हाताला गंज लागला एवढंच, तरी कळतं.

मला सगळ्यात आवडलं ते काळाचं. आपण मराठीत गोष्ट सांगताना सहज म्हणतो ना, गेले आणि बघते तर काय, म्हणजे भूतकाळातून एकदम वर्तमानात. मुलं तेच इंग्लिशमध्ये नेतात आणि तिथे मार्क जातात. टीचरनी प्रत्येकाच्या वहीत अशी क्रियापदं गोल करून दाखवली. संवादात माणूस बदलला की नवीन परिच्छेद, हे पण तिथेच पक्कं झालं. लिहायच्या आधी पाच मिनिटं शेवट ठरवायचा, नाहीतर वेळ संपत आली की पोरं हिरोला मारून टाकतात.

आता जे नाही पटलं ते. बॅचमध्ये पंचवीसेक मुलं, त्यामुळे तिसऱ्या गोष्टीची वही तपासून आली ती क्लास संपल्यावर, मग चुका सुधारून परत लिहिणार कधी? शिवाय पाठ करायला भारी विशेषणांची यादी दिली होती, ती मुलीने कोंबून वापरली आणि फेरीच्या गोष्टीत मांडवी एकदम मॅजेस्टिक झाली. मी ते खोडायला लावलं. रोज बघते ती नदी, तिला गढूळ म्हणता येतं की.

१२०० रुपये फी मला जास्त नाही वाटली. दहा-बारा मुलांची बॅच केली तर धाकट्यालाही नक्की घालणार.