घराण्यातल्या फादरांची गुरुदीक्षा शोधायची, तर आधी कुठलं दप्तर?

वंशावळीत एखादे कॅथलिक फादर निघाले की त्यांची रेघ तिथेच संपते. मुलंबाळं नाहीत, मग शोधायचं काय, असं म्हणून बरेच जण पुढच्या भावंडाकडे वळतात. मला हे पटत नाही. साध्या माणसाच्या लग्नाची नोंद दोन-तीन ओळींची असते. गुरुदीक्षा, म्हणजे फादरपद, द्यायच्या आधी मात्र चर्चने त्या मुलाची, त्याच्या आईवडिलांची आणि काही ठिकाणी आजीआजोबांचीही चौकशी केलेली असते. पणजोबांच्या धाकट्या भावाच्या कागदात पणजोबांचं मूळ गाव सापडतं ते असं.

म्हणून दीक्षेची नोंद आणि दीक्षेची फाइल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. नोंदीत नाव, तारीख, जागा आणि दीक्षा देणारे बिशप असतात, फारसं आणखी काही नसतं. खरा ऐवज फाइलमध्ये असतो: स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला, दृढीकरणाचा दाखला, धर्मग्रामातून (स्थानिक चर्चच्या हद्दीतून, पॅरिशमधून) आलेलं वर्तणुकीचं पत्र. नोंद शोधायची ती फाइलपर्यंत पोचण्यासाठी.

पहिला फाटा धर्मप्रांतीय (एका बिशपांच्या हद्दीतले) की व्रतस्थ (धर्मसंघात व्रतं घेतलेले) हा. नावामागे एस. जे. (येशूसंघ), ओ. पी. (डॉमिनिकन), ओ. एफ. एम. (फ्रान्सिस्कन) अशी अक्षरं असतील तर फादर धर्मसंघाचे, नसतील तर बहुधा धर्मप्रांताचे. धर्मप्रांतीय फादरांचे कागद बिशपांच्या कार्यालयात असतात. व्रतस्थांची दीक्षाही बिशपच देतात, त्यामुळे दीक्षा जिथे झाली त्या धर्मप्रांताच्या वहीत त्यांचंही नाव सापडतं, पण आयुष्याची फाइल संघाच्या प्रांतकार्यालयात किंवा रोमला. दोन्हींत निवड करायची झाली तर संघ बरा. येशूसंघीयांच्या त्रैवार्षिक याद्यांत जन्मस्थळ, वय, प्रवेशाची तारीख, शिक्षण आणि कामं असं सगळं ओळीने मिळतं. दोन अडचणी मात्र आहेत. हा संघ १७७३ मध्ये बरखास्त झाला आणि १८१४ मध्ये पुन्हा उभा राहिला, तेवढ्या काळात बहुतेक देशांत याद्याच नाहीत. दुसरी अडचण नावाची. कित्येक संघांत प्रवेश करताना नवं नाव मिळे, त्यामुळे घरच्यांना ठाऊक असलेलं नाव वहीत नसेल आणि वहीतलं नाव घरी कुणाला ठाऊक नसेल.

धर्मप्रांताच्या वहीत वेगळाच घोळ होतो. नियमाप्रमाणे नोंद होते ती दीक्षा जिथे झाली तिथल्या कार्यालयात. स्वतःच्या बिशपांचं अनुमतिपत्र घेऊन दुसऱ्या बिशपांकडून दीक्षा घेणं सर्रास चाले. मूळ धर्मप्रांतालाही ती कळवायची असते, पण जुन्या काळी हे इमानेइतबारे झालंच असेल असं समजू नका. पहिल्या एलिझाबेथच्या राज्यापासून इंग्लंडचे कॅथलिक फादर तर देशाबाहेरच घडत होते: दुए (१५६८), रोम (१५७९), वायादोलिद (१५८९) इथल्या महाविद्यालयांत. त्यांच्यासाठी घरच्या धर्मप्रांताचं दप्तर चाळण्यात अर्थ नाही, महाविद्यालयाची प्रवेशवही आधी बघावी.

आता स्नानसंस्काराच्या वहीतला समास, जिथे त्या माणसाच्या पुढच्या दीक्षेची टीप लिहीत. जन्मगाव माहीत असेल तर हा सगळ्यांत स्वस्त रस्ता, कारण जुन्या धर्मग्रामांच्या वह्यांच्या प्रतिमा पुष्कळ ठिकाणी घरबसल्या पाहता येतात. पण त्याची हद्द ओळखून असा. दीक्षा झाल्यावर ती स्नानसंस्काराच्या धर्मग्रामाला कळवायची, हा सार्वत्रिक नियम १९१७ च्या धर्मविधानातला (चर्चच्या कायद्यातला), अंमल १९ मे १९१८ पासून. अठराव्या शतकातल्या वहीचा समास कोरा दिसला म्हणून माणूस फादर झालाच नव्हता असं ठरत नाही. आणखी एक खोच आहे. त्या नियमाने कळवायचं होतं ते सबडीकनपद, फादरपद नव्हे (डीकन ही फादरच्या आधीची पायरी, सबडीकन तिच्याही आधीची). ब्रह्मचर्याचं बंधन तिथून लागू होई, आणि समासाचा मुख्य उपयोग हा माणूस लग्नाला मोकळा आहे का एवढं सांगण्यापुरता होता. त्यामुळे समासातली तारीख बहुधा खऱ्या गुरुदीक्षेच्या काही महिने ते वर्षभर आधीची निघते. पोप सहाव्या पॉलनी १९७२ मध्ये सबडीकनपदच रद्द केलं, ते १ जानेवारी १९७३ पासून. त्यानंतरच्या समासात डीकनपद आणि गुरुदीक्षा येतात.

समास आणि दीक्षेची वही यांत वही सरस, आणि कारण तारखेचं नाही. १९७३ पूर्वी एकाच मुलाचं नाव त्या वहीत अनेकदा येतं: मुंडन (केस कापून धर्मसेवकांत घेण्याचा विधी), चार कनिष्ठ पदं, सबडीकन, डीकन, मग फादर. लोक शेवटची नोंद सापडली की वही मिटतात. मागे जा. मुंडनाच्या नोंदीत, फादर होण्याच्या काही वर्षं आधी, काही धर्मप्रांतांत आईवडिलांची नावं आणि गाव लिहिलेलं असतं. पुढच्या नोंदींत ते कुणी पुन्हा लिहीत बसत नाही. शोधाची पट्टी ठरवणं सोपं आहे: सोळाव्या शतकातल्या ट्रेंट धर्मपरिषदेपासून फादर व्हायला चोवीस वर्षं पूर्ण लागत, १९८३ च्या विधानाने ती पंचवीस केली. सूट मिळून थोडं आधीही होई. दीक्षांचे ठरलेले दिवस म्हणजे मुख्यतः वर्षातल्या चार उपासकाळांचे शनिवार, म्हणजे एकेका वर्षाची मोजकीच पानं. नावं लॅटिनमध्ये असतील. जेम्स तिथे याकोबुस होतो, विल्यम गुलिएल्मुस.

पोर्तुगाल, स्पेन आणि त्यांच्या सत्तेखालचे प्रदेश असतील तर मी बाकी सगळं बाजूला ठेवून थेट ‘दे जेनेरे’ (वंशाच्या) चौकशीचे कागद मागेन. उमेदवाराच्या आईवडिलांच्या आणि दोन्हीकडच्या आजीआजोबांच्या गावी जाऊन शपथेवर साक्षी घेत. हेतू किळसवाणा होता: घराण्यात ज्यू किंवा मुसलमान ‘रक्त’ आहे का ते हुडकणं. पोर्तुगालमध्ये जुने आणि नवे ख्रिस्ती हा भेद १७७३ मध्ये कायद्याने मिटवला. ज्यांना त्या चौकशीचा जाच झाला त्यांच्याच वंशजांना आज तिच्यातून तीन पिढ्या मिळतात. हे कागद उघडताना थोडं अवघडायला होतं, पण वंशावळीसाठी एवढं भरलेलं दुसरं दप्तर मला माहीत नाही.

इतरत्र याच्या जवळ जातात ते दोन कागद. एक, उदरनिर्वाहाच्या तारणाचा: फादर भिकेला लागू नयेत म्हणून घरच्यांनी नावावर करून दिलेल्या जमिनीचं खत, त्यात शेतांच्या चतुःसीमाही सापडतात. दुसरा, सूटपत्र. विवाहबाह्य जन्म ही १९१७ च्या विधानातही दीक्षेतली अडचण होती, ती दूर करायला परवानगी लागे. घरात कधीच न बोललेली गोष्ट अशा अर्जात उघड होऊ शकते. वाचण्याआधी मनाची तयारी असावी.

छापील धर्मप्रांतीय निर्देशिका, वृत्तपत्रातली पहिल्या मिस्साची बातमी, मृत्युलेख हे सगळं वाटाड्यासारखं. काम कुठे करत होते एवढंच माहीत असेल तर इथूनच सुरुवात करा. आयर्लंडची निर्देशिका १८३६ पासून निघत आली आहे. एकेका वर्षाचा अंक पुढे चाळत गेलात की नाव पहिल्यांदा कधी उगवलं ते दिसतं, दीक्षा त्याच्या आसपास. पण तारीख म्हणून यांतलं काहीही वंशावळीत लिहू नका, पडताळल्याशिवाय तर नाहीच.

रोम मी शेवटी ठेवेन. मिशनरी प्रदेशातले फादर असतील तर धर्मप्रचार मंडळाच्या (स्थापना १६२२) दप्तरात त्यांची पत्रं निघू शकतात, पण एका नावासाठी तिथे जाणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. त्याआधी घरातलं कपाट बघा. दीक्षेचं स्मरणचित्र प्रार्थनापुस्तकात दडलेलं असतं, आणि आईवडिलांनी भेट दिलेल्या मिस्साच्या चषकाच्या बैठकीखाली नावं आणि तारीख बऱ्याचदा कोरलेली असते. चषक घरी नसेल तर शेवटच्या धर्मग्रामात विचारा.

कार्यालयाला पत्र लिहाल तेव्हा एक लक्षात ठेवा: धर्मविधान कागदाची प्रत मागायचा हक्क देतं तो ज्याच्या त्याच्या स्वतःच्या नोंदीपुरता. पुतण्याच्या नातवाला तो नाही, सगळं तिथल्या माणसाच्या सौजन्यावर. अलीकडच्या फाइली बंद असतात, धर्मप्रांताची फाळणी झाली असेल तर जुन्या वह्या बहुधा मूळ धर्मप्रांताकडेच राहिलेल्या असतात. ‘आमच्या फादरांची सगळी माहिती पाठवा’ असं लिहिलंत तर उत्तराची वाट बघत बसाल. लॅटिन नाव, अंदाजे पाच वर्षांची पट्टी, आणि दोनच प्रश्न लिहा: मुंडनाच्या नोंदीची प्रत मिळेल का, आणि दीक्षेची फाइल आहे का.