बेरिलियमचे पैसे आणि पेव्हर ब्लॉक

परदेशी कंपनीचे जमिनीवर उभे राहणारे मोठे फ्लोअरस्टँडिंग स्पीकर आपल्याकडे घ्यायचे म्हटलं, की आयात शुल्क, जीएसटी आणि डीलरचा नफा धरून आकडा डोळे पांढरे करतो. म्हणून बरेच हौशी लोक दुसरा रस्ता धरतात: ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे आतले भाग, डेन्मार्क-नॉर्वेहून मागवायचे आणि कॅबिनेट, म्हणजे लाकडी खोकं, इथल्या कारागिराकडून बनवून घ्यायचं. कल्पना चांगली आहे आणि हे काम मन लावून करणारे लोकही आहेत. मला भेटला तो मात्र नुसता तक्ता विकत होता.

हा तक्ता म्हणजे हॉटेलातल्या थाळीचं कार्ड, चपातीऐवजी पुरी घेतली तर इतके जादा. ट्वीटर, म्हणजे बारीक सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर: त्याचा डोम, म्हणजे थरथरणारा घुमट, रेशमी कापडाचा, ॲल्युमिनियमचा की बेरिलियम या धातूचा. वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा ड्रायव्हर: साध्या कागदी कोनचा (कोन म्हणजे समोरचा थरथरणारा शंकू) की स्कॅनस्पीक या डॅनिश कंपनीच्या रेव्हेलेटर मालिकेतला, ज्याच्या कोनला चिरा देऊन त्या खास गोंदाने भरलेल्या असतात. कॅबिनेट १८ मिलिमीटर एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीचं, की २५ मिलिमीटर बर्च प्लायचं. प्रत्येक रकान्यापुढे जादा रक्कम. मी तिन्ही रकान्यांत सगळ्यात महागडा पर्याय निवडला. मूळ किमतीपेक्षा या ‘जादा’ची बेरीजच मोठी होती.

त्याच्या घरी साधी जोडी आणि भारी जोडी आलटून पालटून ऐकवली. भारी जोडीवर तानपुरा खोलीभर पसरला, डग्ग्याची घुमक नेमकी जागेवर आली. तो एवढंच म्हणाला, “मी काही बोलत नाही सर, तुमचे कानच सांगतील.” कान सांगतात खरे, पण ते आवाजाची पातळी समान असली तर. दोन स्पीकरमध्ये एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी ‘हा मोठा वाजतोय’ असं वाटत नाही, ‘हा चांगला वाजतोय’ असं वाटतं. त्याने बदलताना ॲम्प्लिफायरचा नॉब एकदाही हलवला नव्हता. ज्याची सेन्सिटिव्हिटी जास्त, म्हणजे तेवढ्याच वीजेवर जो मोठा वाजतो, तो आपोआप जिंकणार. पातळी मोजायला मोबाईलवरचं फुकट ॲपही चालतं, दोन्ही वेळा फोन एकाच जागी ठेवला म्हणजे झालं.

स्पीकर घरी आले तेव्हा मी वजन केलं होतं. हिशेब सोपा आहे. माझ्या कॅबिनेटच्या सगळ्या फळ्या मिळून साधारण दीड चौरस मीटर भरतात. प्लायची घनता घनमीटरला ६५० ते ७०० किलो धरली तर २५ मिलिमीटरचं रिकामं खोकं २५ किलोच्या आसपास जातं, आणि १८ मिलिमीटर एमडीएफचं २० किलोच्या. काटा प्लायच्या बाजूने बोलला. समाधान झालं.

मग पावसाळा लागला. लादी पुसताना फडक्याचं पाणी खालच्या कडेला लागत असे आणि एका स्पीकरची ती कड जिन्यातल्या ओल्या भिंतीसारखी टरारून फुगली. असं फुगणं एमडीएफचं लक्षण. बर्च प्लाय एवढ्याशा ओलाव्याने असा फुलत नाही. ॲलन कीने खालचा वूफर काढला. वूफरसाठी कापलेल्या गोलाच्या कडेला प्लायचे थर दिसायला हवे होते, तिथे सलग तपकिरी भुसा. वरच्या कडांना जे सुंदर पट्टे दिसत होते, ती बर्चची चिकटवलेली पट्टी होती. आत हात घातला तर तळाशी सिलिकॉनने चिकटवलेला एक पेव्हर ब्लॉक. अंगणात, पार्किंगमध्ये बसवतात तोच. साडेचार किलोच्या आसपास वजन, म्हणजे प्लाय आणि एमडीएफमधला फरक बरोबर भरून काढणारा. माणसाला गणित येत होतं!

हातातल्या वूफरच्या चौकटीला फ्रिजवरचा मॅग्नेट लावला, चटकन चिकटला. भारी वूफरची चौकट ओतीव ॲल्युमिनियमची असते, तिला चुंबक धरत नाही. ही पत्र्याची होती. कोन पुढून बघितला तर चिरा होत्या, पण मागच्या बाजूला कागद कोरा. चिरा काढलेल्या होत्या, अगदी नीट, कुठल्यातरी पेनाने.

ट्वीटरच्या बाबतीत तर त्याने खरं बोलूनच फसवलं. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून असे डोम जाळीमागे असतात आणि फुटले तर हात लावू नका अशी सूचना कंपन्या देतात. हे सगळं त्याने मला आवर्जून सांगितलं, “जाळी अजिबात काढू नका सर.” जाळीमागे काय आहे ते मग कोण बघणार? शिवाय एक इंची ॲल्युमिनियम डोमची घणघण, म्हणजे त्याचं स्वतःचं वाजणंही, साधारण २५ किलोहर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे माणसाला ऐकू येतं त्याच्या वरच. नुसत्या कानाने दोन्हींतला फरक ओळखीन म्हणणाऱ्याने पैज लावू नये. मी ट्वीटर सोडवून मागची बाजू कंपनीच्या माहितीपत्रकातल्या चित्राशेजारी धरली. मागची डबी वेगळी, टर्मिनल वेगळे. स्टिकर तेवढा बरोबर होता.

खरं तर काही न उघडताही तो तक्ता संशय यावा असाच होता. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत जे गणित मांडलं, त्यानुसार कॅबिनेटचं आतलं आकारमान आणि पोर्टची, म्हणजे खोक्यातल्या हवेच्या नळीची, लांबी त्या-त्या वूफरवर ठरते. वूफर बदलला की खोकं बदलतं. ट्वीटर बदलला की क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज वूफरला आणि बारीक सूर ट्वीटरला वाटून देणारं सर्किट, बदलतो, कारण प्रत्येकाची सेन्सिटिव्हिटी, इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) आणि वरच्या-खालच्या सुरांना आवाज उतरत जाण्याची पद्धत निराळी. इथे सगळ्या पर्यायांना एकच खोकं आणि एकच क्रॉसओव्हर. म्हणजे खरे ड्रायव्हर बसवले असते तरी ते धड वाजले नसते. क्रॉसओव्हर कसा बदलता, असं विचारल्यावर जो कारागीर ग्राफ दाखवतो त्याच्याशीच पुढचं बोला.

असं काम देणार असाल तर ड्रायव्हर तुमच्या नावाच्या बिलावर, थेट अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि बंद खोक्यात कारागिराकडे पोचवा. अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवा. व्हीनियर, म्हणजे वरचा पातळ लाकडी मुलामा, चढण्याआधी कोरं कॅबिनेट बघायला जा, किंवा निदान कापलेल्या भोकांच्या कडांचे फोटो मागवा. ‘व्हीनियर लागलं की दाखवतो’ म्हणणाऱ्याला उरलेला हप्ता देऊ नका. आणि बिलावर प्रत्येक पर्याय लिहून घ्या. माझ्या बिलावर ‘स्पीकर जोडी, १ नग’ एवढंच होतं, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. हे त्याला पुरतं ठाऊक होतं, कारण फोन केल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, “बिलात बर्च कुठे लिहिलंय?”

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून निरोप गेल्यावर तो कॅबिनेटचा फरक परत द्यायला तयार झाला, ड्रायव्हरचा नाही. मी नाही म्हटलं आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. ५० लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याची प्रकरणं तिथे चालतात, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. व्हॉट्सॲपवरचा तक्ता आणि बोलणं प्रिंट काढून, बँकेच्या नोंदींसह जोडलंय. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून वूफर, ट्वीटर आणि तो पेव्हर ब्लॉक काढले तसेच पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेत. सुनावणी सुरू आहे.