रिओ ग्रँड सदर्न रेल्वेचा १८९० चा कर्जरोखा: वस्तू आणि विक्रेता

कोलोरॅडोतील सॅन हुआन डोंगरांमधल्या चांदीच्या खाणींसाठी बांधलेल्या रिओ ग्रँड सदर्न रेल्वेचा १८९० सालचा सुवर्ण कर्जरोखा (सोन्याच्या नाण्यांत फेडीचे वचन देणारा कर्जाचा कागद) मी अमेरिकेतील एका विक्रेत्याकडून टपालाने मागवला. त्यावर कंपनीचे अध्यक्ष ऑटो मिअर्स यांची सही आहे, आणि माझ्या मते या कागदाचे बहुतेक मोल तिच्यातच आहे. आधी डोंगरांत टोलचे गाडीरस्ते काढणाऱ्या मिअर्स यांनी रिजवेपासून दुरँगोपर्यंत दोन रुळांत तीन फुटांचे अंतर असलेली १६२ मैलांची ही रेल्वे दहा हजार फुटांहून उंच असलेल्या लिझार्ड हेड खिंडीतून नेली आणि १८९१ च्या अखेरीस पुरी केली. टेल्युराइड व रिको येथील खनिजावर तिचा सारा भरवसा होता. १८९३ साली चांदीचा भाव कोसळला आणि त्याच वर्षी कंपनीचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे (अडचणीतल्या कंपनीचा ताबा घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे) गेला. ज्या रोख्याची मुदत १९४० साली संपायची होती, त्यामागचा धंदा तीन वर्षांतच डळमळला, ही गोष्ट ती सही पाहताना मनातून जात नाही.

विक्रेत्याचे विशेष कौतुक एका बाबतीत करायला हवे. अशा रोख्यांवर सोन्याच्या नाण्यांत फेड करण्याचे वचन छापलेले असते आणि त्या वचनाच्या आधारे ते आजही वटवता येतील, असे सांगून अवाच्या सवा किमती उकळणारे लोक आहेत. प्रत्यक्षात अमेरिकी काँग्रेसने १९३३ मध्ये ते कलम निष्प्रभ केले आणि १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. तो खटलाही एका रेल्वे रोख्याच्या साडेबावीस डॉलरच्या कूपनाचा (व्याज घेण्यासाठी रोख्याला जोडलेल्या चिठ्ठीचा) होता, ज्यावर धारकाने ३८.१० डॉलर मागितले होते. या विक्रेत्याने रोख्याला केवळ संग्रहमूल्य आहे, असे वर्णनात स्पष्ट लिहिले होते, म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

उणीव मात्र आहे. मागच्या बाजूचे छायाचित्र दिलेले नव्हते, त्यामुळे मधल्या घडीवरची चीर पाकीट उघडल्यावरच दिसली, आणि जुन्या कागदाला अपाय करणाऱ्या साध्या प्लास्टिकच्या पिशवीत तो पाठवला होता. पत्र लिहिताच किमतीतला काही भाग परत मिळाला. सहीसाठी घेणाऱ्यांना मी हा विक्रेता सुचवीन, पण पैसे भरण्याआधी दोन्ही बाजूंची आणि घड्यांची जवळून घेतलेली छायाचित्रे मागून घ्यावीत.