बीकॉम पूर्ण करायला गेले आणि ५७,९५० रुपये घालवून बसले, ओरिजिनल मार्कशीटसुद्धा गेली

हे लिहायला मला दोन महिने लागले. लाज वाटत होती, अजूनही वाटतेय. घरच्यांत नवरा आणि मुलगी सोडून कोणालाच खरं माहीत नाही, माहेरी तर मी रिझल्टचे पेढे वाटले होते. पण परवा भांडुपहून घाटकोपरला येताना लेडीज डब्यात दरवाज्याच्या वर मी ज्याला फसले तोच स्टिकर दिसला, शिक्षण अर्धवट राहिलंय का, गॅप आहे का, एका वर्षात ग्रॅज्युएट व्हा, फक्त मोबाइल नंबर बदललेला, आणि एक मुलगी त्याचा फोटो काढत होती. मी तिला म्हटलं बाळा नको करूस फोन, तिने मान हलवली पण फोटो काही डिलीट केला नाही.

तर माझं एफवायबीकॉम २००२ ला झालं. एसवायला असताना बाबा गेले, धाकटे दोन भाऊ होते, मी नोकरी धरली आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. आज अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्सला एकोणीस वर्षं झाली मला. जीएसटी रिटर्न मी भरते, ऑडिटरच्या पोरांना फायली मी काढून देते, पण सीनियरची पोस्ट निघाली की एचआर म्हणणार ग्रॅज्युएशन लागतं. मी शिकवलेली मुलं माझ्या पुढे गेली. हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल की "एसवायपासून पुढे" हे दोन शब्द ऐकून माणूस का हरखतो.

दादरला स्टेशनपासून पाच मिनिटांवर पहिल्या मजल्यावर ऑफिस. बाहेर जिन्यावर माझ्यासारखीच माणसं बसलेली, एक बेस्टचे कंडक्टर होते, एक अंगणवाडी सेविका, दोघी नर्सेस. भिंतीवर परराज्यातल्या एका विद्यापीठाचा मोठा बोर्ड. मी काही डोळे मिटून गेले नव्हते. आदल्या रात्री यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, बोगस विद्यापीठांची यादी मुलीने मोबाइलवर काढून दिली, त्यात हे नाव नव्हतं. नसणारच, कारण विद्यापीठ खरंच आहे, बोगस होतं ते दादरचं सेंटर! यादी बघून निवांत होणाऱ्यांनो, हे आधी डोक्यात घ्या. राज्यातल्या विद्यापीठाला दूरशिक्षणासाठी स्वतःच्या राज्याबाहेर सेंटर काढता येत नाही आणि यूजीसी फ्रँचायझी द्यायला तर कोणालाच परवानगी देत नाही. पूर्ण ऑनलाइन डिग्री असेल तर कुठूनही करता येते, पण मग ती विद्यापीठाच्या स्वतःच्या वेबसाइटवरून, जिन्यावरच्या ऑफिसातून नाही.

काउन्सेलर मॅडम इतकं गोड बोलायच्या. "ताई, नवीन शैक्षणिक धोरणात मल्टिपल एन्ट्री-एक्झिट आलंय, तुमचं एफवायचं क्रेडिट बँकेत जमा होईल आणि डायरेक्ट पुढे." आता धोरण २०२० चं आहे हे खरं, क्रेडिट बँक, म्हणजे शिकलेल्याची क्रेडिटं साठवायचं ऑनलाइन खातं, आहे हे खरं, मल्टिपल एन्ट्री आहे हेही खरं. म्हणून तर पटलं. पण ती क्रेडिटं जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात आणि मी एफवाय केलं तेव्हा आमच्याकडे क्रेडिट हा प्रकारच नव्हता, नुसते शंभरपैकी मार्क होते. हे मला नंतर कळलं. ही माणसं पूर्ण खोटं बोलतच नाहीत, खऱ्यात कालवून देतात.

पैसे असे गेले. फॉर्मचे १,१०० कॅश. मग फी २४,५००. मग क्रेडिट ट्रान्सफरचे म्हणून ८,०००. मग परीक्षा आणि तिसऱ्या वर्षाचे १८,०००, ते मी भिशीचे दिले. शेवटी मार्कशीट आणि व्हेरिफिकेशनचे ६,३५०. एकूण ५७,९५०.

आणि आता ते सांगते ज्याने मला रात्री झोप लागत नाही. २४,५०० भरायला त्यांनी क्यूआर कोड पुढे केला, मी स्कॅन केला, स्क्रीनवर विद्यापीठाचं नाव नाही, एका माणसाचं नाव आलं. साधं नाव-आडनाव. मी थांबले. विचारलंसुद्धा. मॅडम म्हणाल्या, "आमचे अकाउंटंट आहेत ताई, विद्यापीठाचं पोर्टल आज डाऊन आहे, उद्या फी वाढतेय म्हणून तुमच्यासाठी करतोय." आणि मी पिन टाकला. माझं एकोणीस वर्षांचं काम काय आहे, तर व्हाउचरवरचं नाव आणि खात्याचं नाव जुळलं नाही की पेमेंट अडवायचं. दीडशे रुपयांच्या कुरिअरच्या बिलावर मी लोकांना परत पाठवलंय. मालकाच्या भाच्याचं बिल अडवलंय मी! आणि स्वतःचे साडेचोवीस हजार त्या नावावर पाठवले, कारण मागे रांग होती आणि मला आता परत घरी जायचं नव्हतं. त्या पाच सेकंदांत मला कळत होतं. कळत होतं तरी केलं.

पावती मिळाली ती पण कुठल्यातरी एज्युकेशनल सर्व्हिसेसची, त्यावर जीएसटी नंबर नाही. नावात फरक दिसला की तिथेच उठा, फी उद्या वाढू दे नाहीतर दुप्पट होऊ दे.

दुसऱ्यांदा कळायला हवं होतं ते डीईबी आयडीच्या वेळी. २०२४-२५ पासून दूरशिक्षण किंवा ऑनलाइनला भारतात ॲडमिशन घ्यायचं तर यूजीसीच्या डीईबी, म्हणजे दूरशिक्षण विभागाच्या, पोर्टलवर स्वतःचा डीईबी आयडी काढावाच लागतो. ऑफिसमधल्या एकीने मला हे सांगितलं होतं, तिचा मुलगा करत होता. मी विचारलं तर उत्तर आलं, "तुम्हाला आधीच्या बॅचला दाखवतोय ना ताई, मग त्याची गरज नाही." मागच्या तारखेचं ॲडमिशन. सरळ सांगितलं त्यांनी. आणि मी मनाची समजूत घातली की माझं एफवाय जुनं आहे म्हणून जुनी बॅच असेल.

आता लोक म्हणतील हिला डिग्री विकत हवी होती. नव्हती हो. विकत हवी असती तर पहाटे साडेचारला उठून कॉस्टिंगची गणितं केली नसती. बारावीतली मुलगी एका टेबलावर आणि मी समोर, चार महिने. जून २०२५ ला उल्हासनगरच्या एका क्लासमध्ये परीक्षा झाली, तीन रविवार, दिवसाला दोन पेपर. सुपरवायझर म्हणाला गाइड उघडलं तरी चालेल. मी नाही उघडलं. माझा प्रत्येक पेपर मी स्वतः लिहिलाय आणि हे मला सगळ्यांना ओरडून सांगायचंय, कारण त्या उत्तरपत्रिका बहुतेक त्याच दिवशी रद्दीत गेल्या असतील.

ऑक्टोबरमध्ये मार्कशीट आली, ६४ टक्के. एचआरला दिली. त्यांनी विद्यापीठाला मेल केला आणि उत्तर आलं की या नंबरची विद्यार्थिनी आमच्याकडे नाही. केबिनमध्ये बोलावून मला तो मेल वाचायला दिला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलगी समोर बसलेली, ती म्हणाली, "मॅम, हे फोर्जरीमध्ये येतं." नोकरी राहिली, साहेबांनी सांभाळून घेतलं, पण फाइलला मेमो लागला. प्रमोशनचं नाव आता काढायचंच नाही.

दादरला गेले तर शटर बंद. खालचा झेरॉक्सवाला म्हणाला गणपतीनंतरच गेले.

मग पोलीस. राहत्या ठिकाणच्या पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे ऑफिस दादरला ना, तिकडे जा. तिकडे गेले तर म्हणे पैसे मोबाइलवरून गेले ना, सायबरला जा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तक्रारीचा नंबर दिला, पण शेवटचं पेमेंट होऊन दोन महिने झाले होते, खात्यात काही राहिलं नव्हतं. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलाय. विद्यापीठाच्या फोनवर माणूस म्हणाला आमचं मुंबईत सेंटरच नाही, म्हणजे विषय संपला. यूजीसीला तीन मेल केले, एकाचंही माणसाने लिहिलेलं उत्तर नाही. परत पहिल्या पोलीस ठाण्यात, नवऱ्याला घेऊन, अडीच तास बाकावर. आणि तिथे साहेबांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "ताई, खोटी मार्कशीट कंपनीत कोणी दिली? तुम्ही. मग आधी गुन्हा कोणावर लागेल?" नवरा म्हणाला चल घरी. आम्ही घरी आलो. दोन महिने मी गप्प बसले ते या एका वाक्यामुळे. असंच घाबरवून किती जणांना परत पाठवलं असेल यांनी? तक्रार घेणं हे यांचं कामच आहे, झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो, हे मला ओळखीच्या एका वकिलाने सांगितलं, खाकीतल्या कोणीही नाही. ठाण्यात घेतलं नाही तर लेखी तक्रार पोस्टाने डीसीपींना पाठवता येते. ती मी पाठवलीय, रजिस्टर एडीने, पोचपावती जपून ठेवलीय.

ओरिजिनल मार्कशीट कोणाच्याही हातात देऊ नका. व्हेरिफिकेशनला म्हणून माझी बारावीची आणि एफवायची त्यांनी ठेवून घेतली ती गेलीच. आता मला खरोखरचं ॲडमिशन घ्यायचंय, कालिनाला मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासून आहे, घरापासून तासाभरावर, आणि मी दादरचा जिना चढले! डीईबी आयडी मी स्वतः बसून काढला, पैसे लागले नाहीत. पुन्हा एफवायपासून करावं लागलं तरी करणार आहे.

पण बारावीची डुप्लिकेट काढायला वाशीच्या बोर्डात जायचंय आणि सोबत पोलिसांचा दाखला हवा. तो दाखला ऑनलाइन लगेच निघतो, फक्त त्यात मार्कशीट हरवली असं लिहावं लागतं. फॉर्म उघडून मी कितीतरी वेळ बसले होते. हरवली नाहीये हो माझी मार्कशीट, ती घेतलीय, घेणाऱ्याचं नाव माझ्या यूपीआयच्या हिस्ट्रीत आहे, २४,५०० च्या समोर. जिन्यावर माझ्याबरोबर जे बसायचे त्यांच्याकडेही तेच नाव असणार. पावती, क्यूआरचा स्क्रीनशॉट, काहीही डिलीट करू नका. एकटीला मला घरी पाठवलं, पंधरा जण एकत्र गेलो तर कसं पाठवतात बघते.