शाळेच्या लॅबसाठी कंपाउंड मायक्रोस्कोप: खोक्यावरच्या १६००एक्सला भुलू नका

बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलसाठी एका डोळ्याने बघायचा एलईडीवाला मायक्रोस्कोप घेतला होता, आता पोरांच्या हाताखालून बऱ्यापैकी गेलाय म्हणून लिहितेय. ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळच्या लेन्स) चार, ४, १०, ४० आणि १००एक्स, सोबत १०एक्स आणि १६एक्सचे आयपीस (डोळ्याजवळच्या लेन्स). आणि खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात १६००एक्स, म्हणजे १०० गुणिले १६!

त्या आकड्यावर जाऊ नका. १००एक्सच्या लेन्सवर एनए (न्यूमरिकल ॲपर्चर, लेन्स किती बारकावे वेगळे दाखवू शकते त्याचा आकडा) १.२५ लिहिलंय आणि कामाचं मॅग्निफिकेशन एनएच्या साधारण हजारपट, म्हणजे १२५० च्या आसपास खेळ खल्लास, पुढे फोटो झूम करत गेल्यासारखं नुसतं मोठं दिसतं, नवीन काही दिसत नाही. वर त्या लेन्सला तेल लागतं, अख्खा वर्ग असताना तेल पुसत कोण बसणार. मी ती काढून कपाटात ठेवली.

बाकी तिन्ही लेन्स मात्र मस्त. ४एक्सला फोकस केलं की पुढच्या लेन्सला फाइन नॉब किंचित फिरवला तरी पुरतं. फक्त आयपीसवर १८ लिहिलंय, त्याला ऑब्जेक्टिव्हच्या आकड्याने भागायचं, म्हणजे ४एक्सला साडेचार मिलिमीटरचा गोल दिसतो आणि ४०एक्सला जेमतेम ०.४५, त्यामुळे हवी ती पेशी आधी मधोमध आणली नाही तर लेन्स बदलल्यावर शोधत बसा. स्लाइड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे पळतं, यावर पहिल्या तासाला नुसता गोंधळ.

मला सगळ्यात आवडला तो कंडेन्सरखालचा (स्लाइडवर उजेड एकवटणाऱ्या लेन्सखालचा) आयरिस डायफ्रॅम, म्हणजे उजेडाचं भोक लहानमोठं करणारी झडप. पोरं लाइट फुल करून ठेवतात आणि म्हणतात काहीच नाहीये. गालाच्या आतल्या पेशी न रंगवता ठेवल्या तर त्या उजेडात खरंच काही दिसत नाही, पण डायफ्रॅमची दांडी हळूहळू बंद करत आणली की आधी वेड्यावाकड्या कडा उमटतात, मग मधला केंद्रकाचा ठिपका. नुसता लाइट कमी करून हे होत नाही, कॉन्ट्रास्ट डायफ्रॅमनेच येतो. फार बंद केला तर बारकावे जातात, तेवढं सांभाळायचं. मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाकला तर प्रश्नच मिटला. आणि हो, "मॅडम, पेशी दिसली!" म्हणून कोणी ओरडलं आणि आत जाड काळ्या कडेचा गरगरीत गोल असेल तर तो हवेचा बुडबुडा, कव्हरस्लिप (वरची पातळ काच) तिरकी टेकवून सावकाश सोडायला लावा.

आता तक्रारी. ४०एक्सला लेन्स आणि स्लाइडमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच जागा उरते, तिथे कुणी मोठा नॉब फिरवला की कव्हरस्लिप कचकन जाते. लेन्सला आत दबणारी स्प्रिंग आहे म्हणून लेन्सची काच तरी वाचली, पण स्टेज (स्लाइड ठेवायची पट्टी) ठरावीक उंचीवर अडवायचा स्क्रू सारखा ढिला होतो. शाळेच्या वस्तूत हे चालणार नाही. दुसरं म्हणजे आयपीसमध्ये पॉइंटर (नेमकी जागा दाखवणारी सुई) नाही, त्यामुळे पोरगं कांद्याच्या पापुद्र्यात नक्की केंद्रक बघतंय की आयोडीनचा डाग हे कळायला मार्गच नाही, शेवटी मोबाइल आयपीसला लावून स्क्रीनवर बोट ठेवून दाखवावं लागतं. कंपनीने एवढा १६एक्सचा आयपीस दिला त्याऐवजी पॉइंटरवाला १०एक्स दिला असता तर काय बिघडलं असतं?